दुपारचे ऊन आणि घंटागाडी

सकाळी घंटागाडीचे गाणे कानी पडले की ओल्या-सुक्याच्या दोन बादल्या घेऊन जिना उतरावयाचा, हा पिंपरी-चिंचवडमधील घरोघरचा नित्यक्रम. गाडी वळणाआड गेली की आपल्यापुरता विषय संपतो. पुढे ती किती इंधन जाळते, त्या कचऱ्यात कोणाचे हात राबतात, याचा विचार आपण क्वचितच करतो.

कचरासंकलनास सौरशक्तीची जोड द्यावी असे म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे परदेशातील चकचकीत कुंडी उभी राहते. अमेरिकेत २००४ साली अशी कुंडी प्रथम बसली. सौर फलकावर चालणारे यंत्र आतला कचरा दाबते, साध्या कुंडीच्या सुमारे पाचपट कचरा तीत मावतो आणि गाडीच्या खेपा वाचतात. कल्पना उत्तम, पण ती कागदी पेले आणि वेष्टने यांच्यासाठी. आपल्या बादलीतील निम्म्याच्या आसपास कचरा म्हणजे देठे, साली आणि उरलेले अन्न. तो दाबला तर काळे पाणी तेवढे रस्त्यावर येईल. शिवाय रस्त्यावर कुंडी आली की वर्गीकरण संपलेच!

आणि वर्गीकरणाविना मोशीचा प्रकल्पही लंगडा पडतो. १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याचे उद्घाटन केले. खर्च सुमारे ३०० कोटी रुपये. वर्षाला अडीच लाख टन कचऱ्यापासून वीज निर्माण करण्याची योजना. परंतु भट्टीत ओला कचरा गेला की बरीचशी उष्णता पाणी आटविण्यातच जावयाची. पावसाळ्यात तर विचारूच नका.

मग सूर्याचे काम कोठे? माझ्या मते, घंटागाडीच्या तळावर आणि वर्गीकरणाच्या शेडवर. एक किलोवॉटच्या फलकांना सुमारे शंभर चौरस फूट छप्पर लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. पाच हजार चौरस फुटांच्या शेडवर, म्हणजे, रोज दोनशे युनिट. मालवाहू विद्युत तीनचाकीची बॅटरी सात ते दहा युनिटांची असते. वीस गाड्यांची सोय एका छपरावर! सकाळची फेरी आटोपून गाडी दुपारी तळावर उभी राहते, नेमके तेव्हाच ऊन कडक असते. दुसऱ्या फेरीच्या गाड्यांना हे गणित लागू पडत नाही, हे खरे. ढगाळ दिवसांत महावितरणची वीज घ्यावी लागेल, हेही खरे. पण उन्हाळ्यातील जादा वीज नेट मीटरमधून परत देता येते.

त्याच विजेवर शेडमध्ये सरकता पट्टा, पंखे आणि पुरेसा उजेड मिळाला, तर वाकून, उकिडवे बसून कचरा निवडणाऱ्या भगिनींच्या पाठीचा भार हलका होईल. गाड्यांच्या बचतीपेक्षा मला याचे मोल अधिक वाटते.

चाकणला तयार होऊ लागलेली विजेवरची चेतक २०२० पासून धावते आहे. तेथील कारखान्यांच्या छपरांवर सौर फलक चमकतात, आणि कुंपणाबाहेरच्या रस्त्याकडेला कचऱ्याचे ढीग दिसतात. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये मोठ्या उद्योगांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी द्यावे लागतात. त्यातून महाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांत एकेक शेड आणि चार-चार गाड्या उभ्या करणे कोणत्याही मोठ्या कारखान्यास जड नाही. मात्र गाडी घेण्यापूर्वी ती चालविणाऱ्याचा पगार आणि बॅटरी बदलण्याचा खर्च कोण देणार, हे ग्रामपंचायतीने लेखी ठरवून घ्यावे.