टाळू रुंद झाला, श्वास मोकळा झाला?

मूल रात्री तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, सकाळी उशी लाळेने ओली असते. भिलाईच्या सेक्टरमधल्या घरात नाइट शिफ्टहून आलेल्या बाबांना वाटतं, खेळून दमलं असेल. आजी म्हणते, कारखान्याच्या धुळीने नाक चोंदतं. मुलाच्या टाळूकडे मात्र कुणी पाहत नाही.

तोंडाचं छत तीच नाकाची जमीन. टाळू अरुंद असला, की वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत पडतात, दातांची दाटी होते आणि नाकाची वाटही चिंचोळी राहू शकते. टाळूच्या दोन भागांमधला सांधा लहानपणी पक्का झालेला नसतो. म्हणून दंतव्यंगतज्ज्ञ वरच्या दाढांना स्क्रू असलेलं साधन बसवतात. तो स्क्रू छोट्या किल्लीने आईनेच घरी, डॉक्टर सांगतील तसा फिरवायचा. एका वेळी टाळू जेमतेम पाव मिलिमीटर रुंदावतो. काही दिवसांत पुढच्या दातांत फट पडते. घाबरू नये, सांधा उघडल्याची ती खूण असते. पुढे ती बहुधा आपोआप मिटते. नवं हाड भरेपर्यंत साधन काही महिने तसंच ठेवतात.

हा उपचार नवा नाही. अमेरिकेतील डॉ. इमर्सन एंजल यांनी १८६० मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली होती.

यामुळे बऱ्याच मुलांचं नाक मोकळं होतं, पण सगळ्यांचं नाही. नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ, सुजलेले टॉन्सिल किंवा अ‍ॅलर्जी यांवर हा इलाज नव्हे. म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं. भिलाईत सेक्टर ९ चं मोठं रुग्णालय आहे, रुंगटा दंतमहाविद्यालयही आहे. टाळू मुळात अरुंद नसेल, तर केवळ घोरणं थांबावं म्हणून स्क्रू बसवून घेऊ नये. झोपेत श्वास अडतो, मूल दचकून उठतं असं दिसलं, तर मात्र लगेच तपासणी करावी.

वेळही महत्त्वाची. वय वाढतं तसा सांधा घट्ट होतो. मग हाडात स्क्रू बसवावे लागतात, कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. सातव्या-आठव्या वर्षी एकदा दात दाखवून घेतलेले बरे.

आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी झोपलेल्या मुलाच्या ओठांकडे जरा पाहावं. मिटलेले आहेत ना?