मनात आलं म्हणून काय झालं?

"अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते!" हे न ऐकता मोठा झालेला मराठी माणूस विरळाच. ओळखीतल्या एका पाच वर्षांच्या मुलीने आईला सांगितलं, "मला बाळाला गॅलरीतून टाकावंसं वाटतं." तिलाही हेच ऐकायला मिळालं, वर एक धपाटा. तेव्हापासून ती बाळाजवळ फिरकतच नाही म्हणे.

मला विचाराल तर त्या पोरीने बाळाला टाकलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रागाच्या भरात चावणं, खेळणं हिसकावणं हा झाला आवेग. त्याला आवर घालणारा मेंदूचा कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. मग चार वर्षांच्या मुलाकडून संयमाची अपेक्षा किती करायची? तिथे आपण हात धरायचा. शांतपणे, आणि पुन्हा पुन्हा.

नको असताना डोक्यात घुसणारा विचार मात्र वेगळा. मूल त्याला स्वतःच घाबरलेलं असतं. रॅकमन आणि डी सिल्वा यांनी 1978 साली दाखवलं, की कुणाला तरी इजा करण्यासारखे नकोसे विचार चांगल्या धडधाकट माणसांच्याही मनात येतात. येतात आणि जातात.

दटावून ते जात नाहीत. औषध घेताना माकड आठवायचं नाही, ही आपल्याकडची गोष्ट ठाऊक असेलच! 1987 मध्ये अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं बजावलं. अस्वल येतच राहिलं. नंतर विचार करायची मुभा मिळाली, तेव्हा तर आणखीनच आलं.

म्हणून मला वाटतं, मुलांना एवढंच सांगावं: "असे विचार सगळ्यांच्या मनात येतात. मनात आलं म्हणजे तू तसं केलंस असं नाही. सांगितलंस ते बरं केलंस." पाच वर्षांच्या मुलाच्या भरवशावर बाळाला सोडायचं नाही, हे तर आहेच. पण ती काळजी मोठ्यांनी घ्यायची, त्याचं ओझं मुलावर नको. तेच विचार दिवसचे दिवस छळत असतील, मूल सारखे हात धूत असेल किंवा "मी वाईट आहे का?" असं परत परत विचारत असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवावं.

आज दटावून गप्प केलेलं मूल उद्या खरंच काही बिनसलं, तर कुणाला सांगेल?