दीड महिन्याच्या लसीला छातीही तपासा

दिवाळीच्या सुमारास धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, परंडा, वाशी, कळंबच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. तान्ही लेकरंही आईबापांबरोबर फडावर जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते तेव्हा ही लेकरं कोपीत असतात. हा कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी आणि हृदयदोष आढळल्यास मोफत शस्त्रक्रिया, अशी त्याची सोय. सोय चांगली आहे. पण सर्वाधिक गरज असलेली लेकरंच तिच्यातून निसटतात.

जन्मणाऱ्या हजार बाळांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. त्यातले काही गंभीर दोष पहिल्या दोन दिवसांतच कळू शकतात. जन्मानंतर 24 तास उलटले की बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावायचा. आकडा 90 च्या खाली असेल, तर बाळाला घरी सोडायचेच नाही. कोरोनात हे यंत्र गावोगाव पोहोचले. प्रसूती होते त्या प्रत्येक ठिकाणी ही तपासणी सक्तीची व्हायला कसलीच अडचण नसावी.

मात्र हृदयाच्या पडद्याला छिद्र असेल, तर ऑक्सिमीटर बहुधा काहीच दाखवत नाही. जन्मतः फुप्फुसांतला दाब जास्त असतो, म्हणून छातीतला आवाजही लगेच उमटत नाही. तो काही आठवड्यांनी ऐकू येतो. नेमकी तेव्हाच दीड महिन्याची लस असते, आशाताईंची 42 व्या दिवसाची भेटही असते. बाळ दूध ओढता ओढता थांबते, कपाळाला घाम येतो, वजन भरत नाही, सारखे पोट उडते. आई हे सांगत असते. घरचे नजर काढतात, कुणी कफाचे औषध देते. मोठे छिद्र तसेच राहिले, तर पुढे फुप्फुसांतला दाब कायमचा वाढतो आणि मग छिद्र बुजवणेही धोक्याचे ठरते. उपचार असतात, वेळ गेलेली असते.

म्हणून लसीच्या दिवशी डॉक्टरांनी प्रत्येक बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावलाच पाहिजे. संशयित बाळांची टूडी इको जिल्ह्यातच व्हावी, आणि पुण्या-मुंबईला शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या मजूर कुटुंबाच्या प्रवासाची जबाबदारी कुणीतरी नावानिशी घ्यावी. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने कारखान्यांचे बॉयलर पेटण्याआधी टोळ्यांतल्या लेकरांची तपासणी उरकावी आणि संशयित बाळांची यादी ज्या जिल्ह्यात टोळी जाणार, तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाती द्यावी.