विश्लेषण : फुप्फुसांसाठीचे जनुकीय उपचार शिरूर-दौंडपर्यंत पोहोचतील?

मूल सतत खोकते, वर्षातून तीन-चारदा न्यूमोनिया होतो, खाऊनही वजन वाढत नाही. तालुक्याच्या ठिकाणी अशा मुलावर कधी दम्याचे, कधी क्षयाचे, तर कधी कुपोषणाचे उपचार होतात. बहुतेकदा ते बरोबरही असतात. काही मुलांमध्ये मात्र दोष जनुकात असतो. असा दोष दुरुस्त करण्यासाठी वाफाऱ्यावाटे जनुक फुप्फुसात सोडण्याच्या चाचण्या परदेशात सुरू आहेत. त्यांचा शिरूर-दौंडच्या रुग्णांना उपयोग काय, याचा आढावा.

श्वासनलिकेची सफाई कशी होते?

श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरात वेगवेगळ्या पेशींची कामे वाटलेली असतात. काही पेशी चिकट स्राव तयार करतात आणि धूळ, धूर, जंतू त्यात अडकतात. रोमक पेशींवरचे सूक्ष्म केस हा स्राव घशाकडे ढकलतात. तळाशी असलेल्या मूळ पेशी झिजलेल्या पेशींच्या जागी नव्या घडवतात. स्राव पातळ राहण्यासाठी क्षार आणि पाण्याचा तोल सांभाळावा लागतो. ते काम ‘सीएफटीआर’ हे प्रथिन करते.

सिस्टिक फायब्रोसिस म्हणजे काय?

सीएफटीआरचे जनुक सातव्या गुणसूत्रावर असते. त्याचा शोध १९८९ मध्ये लागला. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली तर मुलाला सिस्टिक फायब्रोसिस होतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता २५ टक्के असते. वाहकांना स्वतःला त्रास नसल्याने घरात कुणाला कल्पना नसते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची प्रथा असलेल्या कुटुंबांत एकच दोष दोन्ही बाजूंनी येण्याचा धोका वाढतो. या आजारात स्राव घट्ट होतो, जंतू तिथेच मुक्काम ठोकतात आणि फुप्फुस हळूहळू निकामी होते. स्वादुपिंडाच्या नलिकाही तुंबत असल्याने अन्न अंगी लागत नाही.

हा फक्त पाश्चात्त्यांचा आजार आहे का?

भारतात हा आजार नसतोच, असा समज बराच काळ होता. तो चुकीचा ठरला आहे. मात्र, येथील रुग्णांमधील जनुकीय बदल वेगळे आहेत. या जनुकात दोन हजारांहून अधिक बदल नोंदले गेले आहेत. ‘एफ-५०८-डेल’ हा त्यातला सर्वाधिक आढळणारा बदल. त्यात १,४८० अमिनो आम्लांच्या साखळीतले एकच गळते. भारतीय रुग्णांत त्याचे प्रमाण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा कमी आहे. त्यामुळे तिकडे नेहमीचे बदल तपासण्यासाठी बनवलेल्या चाचणीतून इथला रुग्ण निसटू शकतो.

फुप्फुसात जनुक पोहोचवणे अवघड का?

रक्ताच्या आजारात पेशी शरीराबाहेर काढून, त्यात जनुक घालून परत सोडता येतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलिया-एच्या पाच रुग्णांवर असा उपचार केला. त्याचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. फुप्फुस असे बाहेर काढून दुरुस्त करता येत नाही. वाफाऱ्यातून गेलेले औषध आधी घट्ट स्रावात अडकते. बाहेरची वस्तू हाकलणे हेच तर श्वासनलिकेचे काम. जनुक वाहून नेणाऱ्या निरुपद्रवी विषाणूला प्रतिकारशक्ती ओळखते आणि दुसऱ्या मात्रेला दाद देत नाही. वरच्या पेशींत जनुक पोहोचले तरी त्या काही काळाने गळून पडतात. टिकाऊ दुरुस्तीसाठी तळाच्या मूळ पेशी गाठाव्या लागतात. शिवाय नेमक्या कोणत्या पेशी गाठायच्या, हाही प्रश्न आहे. २०१८ मध्ये ‘आयनोसाइट’ ही सीएफटीआरने भरलेली दुर्मीळ पेशी सापडली. पण एकूण काम पाहता स्राव करणाऱ्या पेशींचा वाटा मोठा असल्याचे पुढच्या संशोधनातून दिसले.

आतापर्यंत हाती काय लागले?

अमेरिकेत १९९३ मध्ये तीन रुग्णांच्या नाकाच्या अस्तरावर पहिला प्रयोग झाला. ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत रुग्णांना वर्षभर, दरमहा वाफाऱ्यातून जनुक देण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या रुग्णांची फुप्फुसाची क्षमता स्थिर राहिली, तर इतरांची घसरली. फरक ३.७ टक्क्यांचा होता. म्हणजे दिशा बरोबर, पण परिणाम तोकडा. आता लेंटिव्हायरसवर आधारित वाफारा आणि ‘एम-आरएनए’चा वाफारा यांच्या मानवी चाचण्या सुरू झाल्या आहेत.

गोळ्या आहेत, मग अडचण कुठे?

ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत ‘ट्रायकाफ्टा’ या तीन औषधांच्या मिश्रणाला मंजुरी मिळाली. ते जनुक बदलत नाही, बिघडलेल्या प्रथिनाकडून काम करून घेते. तिथे जाहीर झालेली किंमत वर्षाला सुमारे ३ लाख ११ हजार डॉलर होती, म्हणजे अडीच कोटी रुपयांहून अधिक. आपल्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात (२०२१) हा आजार समाविष्ट आहे. मुंबईच्या केईएमसारख्या उत्कृष्टता केंद्रांतून ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मात्र, औषध आयुष्यभर घ्यायचे असते आणि या रकमेत त्याचा वर्षाचा खर्चही भागत नाही. शिवाय ज्यांच्या शरीरात हे प्रथिन तयारच होत नाही, त्यांना या गोळ्या लागू पडत नाहीत. जनुकीय उपचारांची खरी गरज त्यांना आहे.

शिरूर-दौंडमध्ये आज काय शक्य आहे?

निदान शक्य आहे. घामातील क्लोराइड मोजणारी चाचणी जनुकीय तपासणीच्या तुलनेत स्वस्त आहे. लिटरमागे ६० मिलिमोल किंवा अधिक क्लोराइड आढळल्यास या आजाराची दाट शक्यता असते. त्याआधीची खूण तर घरातच कळते : पापा घेताना मुलाची त्वचा खारट लागते. तेलकट, दुर्गंधीयुक्त शौच हीही खूण आहे. उन्हाळ्यात अशी मुले घामावाटे मीठ गमावून अचानक गळून जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांत जातात. ‘वारंवार न्यूमोनिया आणि वजन न वाढणे’ ही जोडी दिसताच त्यांनी मुलाला पुण्यात तपासणीसाठी पाठवले, तर वर्षे वाचतील. स्वादुपिंडाच्या विकरांच्या गोळ्या, छातीचा व्यायाम, क्षारयुक्त वाफारा आणि वेळेवर प्रतिजैविके एवढ्यानेही आयुष्य लांबते.

शिरूर तालुक्यात यासाठीचा एक पायाही तयार आहे. वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचा ग्रामीण आरोग्य कार्यक्रम आहे. शिरूर आणि हवेलीतील २२ गावांमधील जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची नोंद तिथे २००२ पासून ठेवली जाते. दुर्मीळ आजार शोधायला अशाच सलग नोंदी लागतात.

मग धुराचे काय?

प्रत्येक खोकल्याचे मूळ जनुकात नसते. गावात त्याचे मोठे कारण चूल, जळते पाचट आणि गुऱ्हाळाचा धूर हे आहे. पुण्याचे श्वसनरोगतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले, की सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. धूरही त्याच रोमक पेशींना लुळे करतो आणि तोच स्राव वाढवतो. त्यावर जनुकीय उपचाराची वाट पाहण्याची गरज नाही. गॅसची टाकी पुन्हा भरण्याइतके पैसे घरात असणे आणि पाचट न जाळता शेतात कुजवणे, हे उपाय आजच हाताशी आहेत. जनुकीय उपचार पुढे स्वस्त होतीलही. पण ज्या मुलाचे निदानच झालेले नाही, त्याच्यापर्यंत ते पोहोचणार नाहीत.