लसीकरण संपेपर्यंत पिल्लू कोंडावे काय?



‘सहा महिन्यांपर्यंत पिल्लू घराबाहेर काढू नये’ हे एका पत्रलेखकाचे मत पार्व्हो या जीवघेण्या विषाणूच्या भीतीतून आले असून, भटकी कुत्री सर्वत्र वावरणाऱ्या पनवेलमध्ये ती भीती अनाठायी नाही. निष्कर्ष मात्र टिकत नाही. कुत्र्यांच्या वर्तनाचे संशोधक स्कॉट व फुलर यांनी १९६५ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या संशोधनानुसार साधारण तिसरा ते बारावा आठवडा हा सामाजिकीकरणाचा, म्हणजे माणसे, प्राणी व आवाज यांना सरावण्याचा काळ होय, आणि तो लसीकरण पुरे होण्याआधीच सरत जातो. (भारतात कुत्र्यांच्या प्रजनन व विक्रीविषयीच्या २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही, म्हणजे विकत घेणाऱ्याच्या हाती जेमतेम महिना उरतो!) तेव्हा खरा प्रश्न स्थळाचा आहे: पनवेलच्या वडाळे तलावाच्या काठी, जिथे अनेक कुत्र्यांची विष्ठा पडते आणि तिच्यातील विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, तिथे पिल्लाला जमिनीवर सोडणे अयोग्यच, परंतु त्याला कडेवर घेऊन रेल्वे स्थानकाबाहेरची रिक्षांची वर्दळ दाखवणे किंवा पहिल्या लसीनंतर आठवडाभराने, पशुवैद्याच्या सल्ल्याने, लसीकरण झालेल्या निरोगी कुत्र्याच्या घरी नेणे यात धोका अल्प असतो. हाकेला येणे व ठरल्या जागी लघवी करणे हे शिक्षण तर घरात पहिल्या दिवसापासूनच सुरू करता येते.

— एक वाचक, पनवेल