अजून काही आलं नाही!

संध्याकाळचे साडेसात वाजतात. देवापुढे दिवा लावून झालेला असतो, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची असते आणि घरातली मुलगी फोन घेऊन उगाचच गॅलरीत जाऊन उभी राहते. हिवाळ्यात न्यूयॉर्कला तेव्हा सकाळचे नऊ वाजतात. तिकडच्या विद्यापीठांची ऑफिसं उघडण्याची ही वेळ. ती बंद होतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात आणि कॅलिफोर्नियातली ऑफिसं बंद होईपर्यंत तर आपल्याकडे उजाडायला येतं. म्हणजे ई-मेल रात्रभरात केव्हाही येऊ शकते. सकाळी चहा गाळता गाळता आई विचारते, ''आलं का गं काही?'' मुलगी म्हणते, ''नाही आई, अजून काही आलं नाही.'' बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नाहीत, पण पान उलटायचे तेवढे थांबतात.

पुणे असो, इंदूर असो की बडोदा, संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून अमेरिकेत पीएच.डी.साठी अर्ज केलेल्या मुलामुलींच्या घरी जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हे असंच चालतं. डिसेंबरात अर्जांची धांदल असते. गुणपत्रिका, इंग्रजीची परीक्षा, आपल्याला काय संशोधन करायचं आहे त्याचं दोन पानी निवेदन, तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं. एकेका अर्जाची फी शंभर डॉलरच्या आसपास. आठ-दहा ठिकाणी अर्ज केले की मध्यमवर्गीय घरातल्या महिन्याच्या जमाखर्चाला चांगलंच भगदाड पडतं. मग सगळं पाठवून होतं आणि घरात एकदम शांतता पसरते. ही शांतताच सोसवत नाही.

पूर्वी हेच पोस्टमनच्या हातात असायचं. हवाई टपालाचं पाकीट जाड असलं तर प्रवेश मिळाला, पातळ असलं तर नकाराच्या चार ओळी, हे न फोडताच कळायचं. आता पाकीट गेलं, पोस्टमनच्या सायकलची घंटी गेली. पण पोस्टमन दिवसातून एकदाच यायचा. तो पुढच्या गल्लीत वळला की उद्यापर्यंत तरी सुटका असायची. फोन मात्र उशाशीच असतो.

या शांततेत तिकडे नेमकं काय चाललेलं असतं, ते एकदा समजून घेतलं तर घरातला निम्मा ताण कमी होईल.

पीएच.डी.चे अर्ज बहुतेक ठिकाणी त्या त्या विभागातल्या प्राध्यापकांची समिती वाचते. संख्याशास्त्राच्या विभागात दरवर्षी घ्यायचे पीएच.डी.चे विद्यार्थी थोडेच असतात. कारण या विद्यार्थ्यांची फी साधारणपणे विद्यापीठ माफ करतं आणि खालच्या वर्गांना शिकवण्याच्या किंवा संशोधनाला मदत करण्याच्या बदल्यात त्यांना विद्यावेतनही देतं. म्हणजे विभागाला आधी खिसा पाहावा लागतो आणि मग माणसं. समिती पहिली यादी काढते. पण पहिल्या यादीतल्या हुशार मुलांना आणखी चार ठिकाणांहूनही बोलावणं आलेलं असतं. ती कुठे जाणार हे कळेपर्यंत विभाग उरलेल्यांना 'हो' म्हणू शकत नाही आणि 'नाही' म्हणायचीही त्याची तयारी नसते. अशा मधल्या मुलांना कधी 'तुम्ही प्रतीक्षायादीत आहात' असं कळवलं जातं, कधी काहीच कळवलं जात नाही. मार्चमधल्या शांततेचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो.

यात एक तारीख महत्त्वाची आहे, १५ एप्रिल. अमेरिकेतल्या पदव्युत्तर शिक्षणसंस्थांच्या परिषदेचा एक ठराव आहे आणि बऱ्याच विद्यापीठांनी तो मान्य केलेला आहे. आर्थिक मदतीसह दिलेल्या प्रवेशाला १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याचं बंधन विद्यार्थ्यावर नाही, असं तो सांगतो. त्यामुळे खरी हालचाल एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच होते. कित्येक निर्णय शेवटच्या दोन-तीन दिवसांत फिरतात. पाडव्याला श्रीखंड खाताना ज्या मुलीच्या हातात काहीच नव्हतं, तिला पुढच्या आठवड्यात बोलावणं येऊ शकतं.

आईवडिलांनी इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. हा ठराव आर्थिक मदतीच्या प्रस्तावांसाठी आहे. स्वतःच्या खर्चाने करायच्या मास्टर्सच्या प्रवेशांना तो लागू होत नाही. तिथे जागा राखून ठेवण्यासाठी अनामत भरायची तारीख प्रत्येक विद्यापीठाची वेगळी असते आणि भरलेली रक्कम बहुधा परत मिळत नाही. वाट पाहून जीव टांगणीला लागला म्हणून घाईघाईने पैसे भरण्याआधी नियमांचं पत्र दोनदा वाचावं.

गंमत अशी, की ही मुलं शिकलेली असतात तेच शास्त्र मुळी अनिश्चिततेचं आहे. घरच्यांना धीर देताना ती गणित मांडतात. प्रत्येक ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता समजा १० टक्केच धरली आणि दहा ठिकाणी अर्ज केले, तर दहाही ठिकाणी नकार येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के होते. म्हणजे कुठेतरी एक दार उघडण्याची शक्यता ६५ टक्के! ऐकून बाबांना बरं वाटतं. पण मुलीला रात्री झोप येत नाही, कारण या गणितातली मेख तिला ठाऊक असते. दहा नाणी वेगवेगळी उडवली तरच हा हिशेब खरा. इथे दहा ठिकाणी गेलेली गुणपत्रिका एकच आहे, शिफारसपत्रंही तीच आहेत. एका समितीला जे खटकलं ते दुसरीलाही खटकू शकतं. म्हणून सगळीकडून नकार येण्याची शक्यता कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्तच असते. पण म्हणूनच तीन नकार ओळीने आले तर मुलीची लायकी तीनदा तपासली गेली असं नव्हे. एकच फाईल तीनदा वाचली गेली, एवढंच.

आणि नकार तरी कोणाविषयी किती सांगतो? याचं एक उदाहरण संख्याशास्त्राच्या वर्गात जगभर शिकवलं जातं आणि ते नेमकं पदव्युत्तर प्रवेशांचंच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या शाखेत १९७३ च्या सत्रासाठी ८,४४२ पुरुषांनी अर्ज केले होते आणि त्यांतल्या सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला. अर्ज करणाऱ्या स्त्रिया होत्या ४,३२१ आणि प्रवेश मिळालेल्या सुमारे ३५ टक्के. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, हा तर उघड अन्याय! तिथल्याच संख्याशास्त्र विभागातले पीटर बिकल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हे आकडे विभागवार मांडले आणि १९७५ साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. विभागवार पाहिल्यावर चित्रच पालटलं. एका मोठ्या विभागात पुरुषांपैकी ६२ टक्के आणि स्त्रियांपैकी तब्बल ८२ टक्के घेतले गेले होते. दुसऱ्या एका विभागात पुरुषांपैकी ६ टक्के आणि स्त्रियांपैकी ७ टक्के. स्त्रियांनी मोठ्या संख्येने अर्ज केले होते ते मुळातच फार थोड्यांना घेणाऱ्या विभागांत. त्यामुळे एकूण बेरजेत त्या मागे दिसत होत्या.

घरी बसून वाट पाहणाऱ्यांनी यातून घ्यायचं ते इतकंच. शंभरातल्या सहा-सात जणांनाच आत घेणाऱ्या दाराशी नकार मिळाला, तर तो त्या दाराविषयी जास्त सांगतो आणि तिथे उभ्या असलेल्या मुलीविषयी कमी. मावसभावाला मिळाला आणि हिला नाही, अशी तुलना करायची तर दोघं कोणत्या दाराशी उभे होते ते आधी विचारायला हवं.

भारतीय संख्याशास्त्रातलं सर्वांत मोठं नावही अशाच एका नकारातून पुढे आलं. सी. आर. राव यांनी आंध्र विद्यापीठातून गणितात एम.ए. केलं, पहिल्या क्रमांकाने. पुढे संशोधन करावं म्हणून त्यांनी शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. तो मुदतीनंतर पोहोचल्याने फेटाळला गेला. मग लष्करातल्या गणिती कामाच्या नोकरीच्या मुलाखतीसाठी ते कोलकात्याला गेले. तिथेही निवड झाली नाही. पण तिथे उतरले असताना त्यांची गाठ एका तरुणाशी पडली. तो इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षणासाठी आलेला होता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापन केलेली ही संस्था पाहायला राव सहज म्हणून गेले आणि १९४१ च्या जानेवारीत तिथे शिकायला दाखल झाले. अवघ्या चार वर्षांत, १९४५ साली, त्यांचा जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्यातली सूत्रं आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्या नावाने शिकवली जातात. २०२३ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्यांना संख्याशास्त्रातलं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते निवर्तले.

म्हणून काही प्रत्येक नकारातून राव घडतात असं नाही. काही मुलांना खरोखरच कुठूनही बोलावणं येत नाही, वर्ष जातं, पैसे जातात आणि घरात काही दिवस कोणी कोणाशी फारसं बोलत नाही. ते दुःख खरं असतं. 'जाऊ दे, होतं ते चांगल्यासाठीच' असं म्हणून ते लगेच झाकू नये. पण दुसरी वाट हाताशी ठेवता येते आणि ती ठेवण्याचे दिवस हेच असतात. कोलकात्याच्या त्याच संस्थेची प्रवेशपरीक्षा साधारणपणे मे महिन्यात असते आणि तिचे अर्ज त्याआधी, म्हणजे या वाट पाहण्याच्या काळातच भरावे लागतात. फोनकडे पाहत बसलेल्या मुलांच्या हातून ती तारीख निसटते. तिची आठवण करून देणं हे आईवडिलांना करता येण्याजोगं काम आहे.

आणखीही काही करता येतं. प्रतीक्षायादीत असल्याचं कळलं, तर 'मला अजूनही तुमच्याकडे यायचं आहे' असं चार ओळींचं नम्र पत्र मुलीने विभागाला एकदा जरूर लिहावं. दर आठवड्याला लिहू नये. घरात रोज सकाळी 'आलं का?' विचारण्यापेक्षा, 'आलं की तूच सांग' असं एकदा सांगून टाकावं. पाडव्याला आलेली आत्या सगळ्यांसमोर, ''काय गं, अमेरिकेचं कुठवर आलं?'' म्हणाली, तर उत्तर आईने द्यावं, ''एप्रिलमध्ये कळेल वन्सं, तुम्ही आधी पुरी घ्या.'' मुलीला तेवढा आडोसा पुरतो.

शेवटची गोष्ट ज्यांना मिळालं आहे त्यांच्यासाठी. आपल्याकडे इंजिनीअरिंगच्या प्रवेशफेऱ्यांत एकाने सोडलेली जागा संगणक आपोआप पुढच्याला देतो. अमेरिकेतल्या पीएच.डी.त असं एकत्रित यंत्र नाही. जागा सुटल्याचं विभागाला कळतं ते कोणीतरी तसं पत्र लिहितं तेव्हाच. तीन ठिकाणांहून बोलावणं आलेला मुलगा कुठे जायचं ते मनाशी ठरवून बसतो. पण 'असू देत हातात' म्हणून उरलेल्या दोन ठिकाणांना १५ एप्रिलपर्यंत काही कळवत नाही. बाबाही म्हणतात, ''घाई काय आहे? नियमात आहे ना!'' नियमात आहे, खरंच आहे. पण त्या दोन जागांपाशी दोन फायली थांबलेल्या असतात आणि त्या फायलींमागे कुठेतरी दोन घरं.

ज्याचं ठरलं आहे त्याने त्याच रात्री ती दोन पत्रं लिहून टाकावीत. 'आपल्या प्रस्तावाबद्दल मनापासून आभार, मी दुसरीकडे जाण्याचं ठरवलं आहे' एवढं पुरे, दहा मिनिटांचं काम. मग कदाचित दोन दिवसांनी, पहाटे तीनच्या सुमारास, इंदूरच्या किंवा बडोद्याच्या एखाद्या घरात अंधारात फोनचा उजेड पडेल आणि एक मुलगी उठून आईच्या खोलीचं दार हळूच ढकलेल.