पुस्तक मिटल्यावर काय उरते?

प्रति,
मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र,
पुणे

महोदय,


मार्च २०२३ मध्ये शासनाने दुसरी ते आठवीची पाठ्यपुस्तके चार भागांत काढायचे आणि धड्यांच्या शेवटी कोरी पाने जोडायचे ठरवले. वर्गात कळलेले मुद्दे, नवे शब्द, सूत्रे मुलांनी त्या पानांवर टिपायची, म्हणजे वह्या कमी लागतील आणि दप्तर हलके होईल, असा हिशेब होता. जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. मुले वह्या आणतच राहिली, पानांचा अपेक्षित वापर झाला नाही, हे त्यामागचे कारण.

त्या दोन वर्षांत चर्चा झाली ती कागदाची, छपाईची आणि दप्तराच्या वजनाची. कोऱ्या पानापुढे बसलेल्या मुलाने नेमके काय करायचे, यावर फारसे कोणी बोलले नाही. या पत्राचा विषय तेवढाच आहे, आणि तो आपल्याच दारी न्यायला हवा. शिक्षकांनी कसे शिकवावे याचे प्रशिक्षण परिषद ठरवते. मुलांनी कसे शिकावे, हे शिकवण्याची जबाबदारी मात्र कुणाच्याच नावावर चढलेली नाही.

अड्याळ हे भंडारा-पवनी रस्त्यावरचे, धानाच्या पट्ट्यातले मोठे गाव. इथल्या एखाद्या घरात दहावीतली मुलगी इतिहास घेऊन बसते, तेव्हा तिचा अभ्यास साधारण असा चालतो. पहिल्या वाचनात पेन्सिलीच्या रेघा, दुसऱ्यात पिवळा हायलायटर, तिसऱ्या वेळी त्याच ओळींवर गुलाबी. मग मोठ्याने वाचन. मग गाईडमधले उत्तर वहीत सुवाच्य अक्षरात उतरवणे. स्वयंपाकघरापर्यंत आवाज येत राहिला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो: पोरगी अभ्यास करते आहे. तिच्या कष्टांत कसूर नाही. पद्धत चुकीची आहे, आणि ती पद्धत तिच्या हाती मोठ्यांनीच दिलेली आहे.

अमेरिकेतल्या जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचे उपलब्ध संशोधन एकत्र तपासले. पुन्हा पुन्हा वाचणे आणि ओळी रंगवणे या दोन्ही पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. सर्वांत वर आल्या त्या दोनच: स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागून करणे. म्हणजे विद्यार्थ्यांत सर्वांत लोकप्रिय असलेल्या पद्धती यादीच्या तळाशी निघाल्या.

स्वतःची चाचणी म्हणजे काय, हे २००६ सालच्या एका प्रयोगातून लख्ख दिसते. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. एक सूर्यावर, एक समुद्री पाणमांजरांवर. प्रत्येकाने एक उतारा दुसऱ्यांदा वाचला. दुसऱ्या उताऱ्यासाठी हाती वर फक्त शीर्षक असलेला कागद आला आणि आठवेल ते लिहायला सांगितले गेले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेला उतारा पुढे होता: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने पारडे फिरले. दोनदा वाचलेल्या उताऱ्यातले ४२ टक्के आठवले, कागदावर आठवून लिहिलेल्यातले ५६.

त्याच संशोधनाचा दुसरा भाग पालकांनी मुद्दाम ऐकावा. एका गटाने चार बैठकांत उतारा सरासरी १४ वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच बैठकीत तीन-साडेतीन वेळा वाचला आणि उरलेल्या तिन्ही बैठकांत आठवून लिहिला. आठवड्यानंतर पहिल्या गटाला ४० टक्के आठवत होते, दुसऱ्याला ६१. आणि आधी विचारले होते, ‘किती लक्षात राहील असे वाटते?’ तेव्हा जास्त खात्री होती ती १४ वेळा वाचणाऱ्यांना.

ही खोटी खात्री हेच सगळ्या घोळाचे मूळ आहे. पुन्हा पुन्हा वाचलेली ओळ ओळखीची वाटते आणि ती ओळखच ज्ञान वाटू लागते. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू झाले की गावोगाव दंडार आणि नाटके रंगतात, आणि रंगमंचापुढे प्रॉम्प्टर बसलेला असतो. संवाद अडला की तो शब्द पुरवतो आणि नट पुढे जातो. उघडे पुस्तक घरच्या अभ्यासात हेच काम करत असते. मार्चमध्ये परीक्षा केंद्राच्या बाकावर तो प्रॉम्प्टर नसतो.

धड्यानंतरच्या त्या कोऱ्या पानावर ‘पुस्तक मिट, आठवेल ते लिही, मग उघडून तपास’ एवढी एक ओळ छापली असती, तर ते पान पाठ्यपुस्तकातले सर्वांत उपयोगी पान ठरले असते. तशी ओळ नव्हती, म्हणून मुलांनी एक तर फळ्यावरचे उतरवले किंवा पान कोरेच ठेवले. दोष मुलांचा नाही आणि शिक्षकांचाही नाही. आठवण्याची कृती हाच अभ्यास असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नव्हते.

त्याऐवजी त्यांना बरेच काही भलते सांगितले गेले. कोणी दृक्-विद्यार्थी, कोणी श्राव्य, कोणी हाताने करून शिकणारा, आणि ज्याला त्याला त्याच्या शैलीने शिकवावे, हा विचार शिक्षकांमध्ये जगभर रुजलेला आहे. पॉल हॉवर्ड-जोन्स यांनी २०१४ मध्ये ब्रिटन, नेदरलँड्स, तुर्कस्तान, ग्रीस आणि चीन या पाच देशांतल्या शिक्षकांच्या समजुतींची आकडेवारी एकत्र मांडली. प्रत्येक देशात नव्वद टक्क्यांहून अधिक शिक्षक या समजुतीला मान डोलावत होते. २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर, मार्क मॅक्डॅनियल, डग रोहरर आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी पुरावे तपासले, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने शिकणे सुधारते असे म्हणण्याजोगा आधार सापडला नाही. मुलांना आवडीनिवडी असतात, हे खरेच. पण नकाशा डोळ्यांनीच शिकावा लागतो आणि कविता कानांनी, मग मूल कोणत्याही ‘शैलीचे’ असो. हॉवर्ड गार्डनर यांचा १९८३ चा बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धान्त या समजुतीच्या दिमतीला नेहमी उभा केला जातो. खुद्द गार्डनर यांनी २०१३ मध्ये लिहून स्पष्ट केले की बुद्धिमत्तेचे प्रकार म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत.

एडगर डेल यांच्या अनुभवशंकूची गत याहून वाईट झाली. डी.एड., बी.एड. केलेल्या प्रत्येक शिक्षकाला तो त्रिकोण ठाऊक आहे. वाचलेले १० टक्के लक्षात राहते, ऐकलेले २०, पाहिलेले ३०, केलेले ९०, अशी शिडी त्याला चिकटवून दाखवली जाते. डेल यांच्या १९४६ च्या पुस्तकात त्या शंकूवर एकही टक्केवारी नाही. आकडे नंतर कुणीतरी जोडले आणि ते इतके गोलमटोल आहेत की तिथेच शंका यायला हवी होती.

मुलाच्या दहा बोटांचे ठसे घेऊन त्याचा कल आणि बुद्धी सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ चाचण्या आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारे ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ हा तर निव्वळ धंदा आहे. ठशांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने जाहीर केलेले आहे. धानाच्या चुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या घरातून असल्या गोष्टींसाठी हजारो रुपये जाणे संतापजनक आहे. परिषदेच्या नावाने निघालेले एका पानाचे पत्रक हे थांबवायला पुष्कळ मदत करेल.

गणिताकडे जरा सविस्तर पाहायला हवे. दहावीच्या भूमितीत महत्त्वमापनाचे प्रकरण आहे. शंकूची सगळी गणिते एका दमात, मग शंकुछेदाची, मग गोलाची, असा सराव चालतो. तिसऱ्या गणितापासून मूल विचार करणे थांबवते, कारण सूत्र कोणते लावायचे हे आधीच ठरलेले असते. २००७ मध्ये डग रोहरर आणि केली टेलर यांनी घनाकृतींच्या घनफळांवर नेमके हेच तपासले. प्रकारवार सराव करणाऱ्यांची सरावावेळची उत्तरे ८९ टक्के बरोबर होती, मिश्र सराव करणाऱ्यांची ६० टक्केच. आठवड्यानंतरच्या परीक्षेत प्रकारवारवाले २० टक्क्यांवर घसरले आणि मिश्रवाले ६३ टक्क्यांवर राहिले. पुढे २०२० मध्ये फ्लोरिडातल्या सातवीच्या ५४ वर्गांवर मोठा प्रयोग झाला. मिश्र सरावाचे वर्ग ६१ टक्के, नेहमीचे वर्ग ३८. आपल्या पुस्तकांत प्रकरणाअखेर ‘संकीर्ण प्रश्नसंग्रह’ असतो, म्हणजे पाया तयार आहे. पण तो त्याच प्रकरणापुरता संकीर्ण राहतो. समरूपता, वर्तुळ आणि महत्त्वमापन एकाच संग्रहात आले, तर कोणते गणित कोणत्या वाटेने सोडवायचे हे ओळखण्याचा सराव होईल. बोर्डाच्या परीक्षेत तरी दुसरे काय विचारतात?

मिश्र सराव करताना मुलांची उत्तरे जास्त चुकतात, आणि इथेच शिक्षक आणि पालक घाबरतात. अडखळत शिकणारे मूल मागे पडते आहे, असे वाटते. शिक्षक प्रशिक्षणात ही भीती घालवण्यासाठी एक पूर्ण तासिका द्यावी, इतकी ती खोल आहे.

दिवसांच्या अंतराचा प्रश्न विदर्भात आणखी वेगळा. इथल्या शाळा उन्हामुळे राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून उजळणीची अंतरे तिथून मोजायला हवीत. हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून मोजलेला विसरण्याचा वेग १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. सुरुवातीला विसरणे झपाट्याने होते आणि नंतर मंदावते. तेव्हा जूनअखेरचा धडा पोळ्यानंतर एकदा, दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा आणि संक्रांतीनंतर एकदा, प्रत्येक वेळी पाच-सहा प्रश्नांपुरता जरी विचारला, तरी फेब्रुवारीत सगळे पुस्तक नव्याने उघडावे लागणार नाही. आजच्या वार्षिक नियोजनात घटक शिकवून झाला की संपला. त्याच्याकडे परत येण्याची तारीख कुठेच नसते.

यावर उत्तर येईल की चाचण्या आधीच पुष्कळ आहेत. ते खरे आहे. नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात, गुण चॅटबॉटवर भरले जातात, पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षाही आली. पण त्या चाचण्या मुलाला काय येते हे शासनाला कळावे म्हणून आहेत. इथे मागणी आहे ती बिनगुणांच्या, वर्गातल्या वर्गात तपासून होणाऱ्या, दहा मिनिटांच्या आठवणीची. तिची नोंद कुठे पाठवायची नाही आणि अहवालही भरायचा नाही. शिक्षकांवर आणखी एक ऑनलाइन तक्ता लादला गेला, तर ही गोष्ट त्याच दिवशी मरेल.

म्हणून परिषदेने चार कामे करावीत, ही आग्रहाची विनंती. शिक्षकांच्या पुढच्या प्रशिक्षणातून शैलींचा आणि टक्केवारीच्या शंकूचा मजकूर कुठे असेल तर काढून टाकावा. बालभारतीशी बोलून प्रत्येक धड्याच्या स्वाध्यायात मागच्या दोन-तीन धड्यांवरचे प्रश्न मिसळावेत आणि ‘पुस्तक मिटून लिही’ ही सूचना ठळक छापावी. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदांपैकी एक पूर्णपणे या विषयाला द्यावी. आणि पालक सभेत वाचून दाखवता येईल असे साध्या मराठीतले एक पान काढावे, कारण ‘वाचताना आवाज का येत नाही?’ असे घरातून विचारले गेले की मुलगी मिटलेले पुस्तक पुन्हा उघडते.

पवनी तालुक्यातल्या काही शाळांत हे एक वर्ष करून पाहावे. पहिली सहामाही आणि वार्षिक परीक्षा यांचे गुण शाळांकडे असतातच, तेव्हा तुलनेसाठी वेगळी चाचणी लागणार नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे हे काम सोपवता येईल. येत्या जूनपूर्वी निर्णय झाला, तर नव्या सत्रातच सुरुवात होऊ शकते.

आपला विश्वासू,
अड्याळचा एक वाचक
(ता. पवनी, जि. भंडारा)

प्रत: मा. प्राचार्य, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, भंडारा